हसला तिथेच पुन्हा

सकाळी मोटरसायकलच्या आरशावर लटकवलेलं हेल्मेट काढून मी हात मागे घेतला आणि माझं कोपर खिमच्या बरगडीला लागलं. लागलं म्हणजे नुसतं चाटून गेलं. एवढ्यानं कुणी मागे वळूनही बघत नाही. खिम हसली. दात दिसतील इतकी हसली आणि मान किंचित डावीउजवीकडे हलवली, जणू ताटात कुणी आणखी भात वाढत होतं आणि तिला नको होता. "काही नाही बाबा, चल, उशीर होतोय," ती म्हणाली. माझी पोर सकाळी हसत नाही. सतरा वर्षांत मी तिला न्याहारीआधी हसताना पाहिलेलं नाही. उठल्यापासून तासभर तिचं तोंड फुगलेलं असतं, तिच्या आईशी भांडण, मांजराशी भांडण, नळाला पाणी बारीक म्हणून नळाशी भांडण. आणि आज कोपर लागल्यावर हसली. हे हसणं मला पाठ आहे. ते माझ्या तोंडावर इतकी वर्षं बसलेलं आहे की आता जागेवरून उठत नाही.

ती मागे बसली. कालव्याकाठच्या गल्लीतून मी गाडी काढली. तिनं माझ्या कमरेला हात घातला नाही, मागची कडी धरली. मी मुद्दाम एक खड्डा चुकवला नाही. मागून काहीच आलं नाही, फक्त तिनं श्वास अर्ध्यावर धरून ठेवलेला मला पाठीला कळला. मग हळूहळू सोडला, फुटक्या भांड्यातलं पाणी सांडू नये म्हणून जपून चालावं तसा. हिची बरगडी मोडली आहे, माझ्या मनात आलं, आणि परवा शनिवारी ही रिंगणात उतरणार आहे. मी शनिवारची ती दुसरी मुलगी पाहिली आहे. उत्तरेकडची, उंच, गुडघे चालवणारी. जवळ ओढून बरगड्यांवरच गुडघे मारते. मोडलेल्या हाडावर तिचा एक गुडघा बसला तर ते हाड आत जाईल, फुप्फुसात. असा एक जण मी डोळ्यांसमोर जाताना पाहिला आहे. तोही हसत होता.

आमच्या लाथा-गुडघ्यांच्या खेळाचं हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. मी एका मॉलच्या तळघरात गाड्या लावून देतो, शिट्टी फुंकतो, गाडीतल्या साहेबाला सलाम ठोकतो. तिथली पोरं मला विचारतात, काका, तुम्ही म्हणे लढायचात, मग कुणाला किती हाणलंत? त्यांना वाटतं ठोसे मोजतात. आमच्यात ठोसे कोण मोजतो? पंच तोंडं मोजतात. लाथ बरगडीवर फटकन बसली आणि तुमच्या तोंडावरची रेघ हलली नाही तर ती लाथ बसलीच नाही. रेघ हलली की गुण गेला. हे नियमाच्या पुस्तकात असेलही, नसेलही, पण स्टेडियममधल्या शेवटच्या बाकावर शेंगा सोलणारा म्हातारासुद्धा ते जाणतो. प्रत्येक लाथेला सगळं स्टेडियम ओरडतं, "ओऽय!" हजारभर माणसं ओरडतात आणि ज्याला लागलं तो एकटाच गप्प असतो. त्याच्या वाटचं ओरडणं लोक वाटून घेतात. आणि लढणारा, फारच लागलं तर, हसतो. मान हलवतो. म्हणतो, छे, हे काय मारणं झालं? कच्च्या माणसाला वाटतं, वा, काय मर्द आहे. पक्क्या माणसाला कळतं की इथे लागलं. म्हणून आमच्या ख्रू थवींनी पहिल्याच वर्षी शिकवलेली दोन वाक्यं अशी : लागलं तर हस. आणि समोरचा जिथे हसला, तिथेच पुन्हा मार.

थवींना सगळे ख्रू म्हणतात, म्हणजे गुरुजी. मीही म्हणतो. दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही, मनात काय काय म्हणतो ते वेगळं. दहा वर्षांचा होतो तेव्हा आईनं त्यांच्याकडे आणून सोडलं, कारण घरी खाणारी तोंडं फार होती. ते आम्हाला आरशासमोर मांडी घालून बसवायचे आणि मागून चिंचेचा फोक घेऊन फिरायचे. फोक कधी, कुणाच्या पाठीवर पडेल, ठाऊक नसायचं. आरशात स्वतःच्या तोंडाकडे बघत राहायचं. तोंड हललं की आणखी एक. नाही हललं की ते पुढे जायचे, आणि ते पुढे गेले यालाच आम्ही शाबासकी म्हणायचो. "अंग सगळ्यांना देवानं दिलंय," ते म्हणायचे, "बैलालाही दिलंय. लढतं ते मन. मन तोंडावर दिसलं की समजा, घराला कुलूप नाही." मला ते खरं वाटायचं. वाईट हे की ते खरंच होतं. त्या तोंडावर मी लढती जिंकल्या. हाडामांसाच्या जोरावर जिंकलो असतो तर आज त्यांच्यावर इतका राग धरला नसता.

आई गेली तेव्हा मी एका देवळाच्या जत्रेत लढून आलो होतो, ओठ शिवलेला होता. चितेवर चंदनाच्या लाकडाचं फूल ठेवायला रांगेत उभा राहिलो. फूल ठेवलं, आणि आईच्या शवपेटीकडे बघून हसलो. मान हलवली. मावशीनं सगळ्या गावासमोर माझ्या थोबाडीत दिली. "हसतोस कसला रे मेल्या? तुझी आई आहे आत!" मी तिच्याकडे बघूनही हसलो. थोबाडीत लागलीच होती ना. त्यानंतर मावशी माझ्याशी बोलली नाही, ती मरेपर्यंत. माझी बायको वन्ना लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी म्हणाली, "तुझ्याशी भांडण्यापेक्षा भिंतीशी भांडलेलं बरं, भिंतीला निदान ओल तरी येते." तेव्हा मी काय केलं असेल? हसलो. ती कपडे इस्त्रीचं दुकान चालवते, दिवसभर वाफेत उभी असते, आणि तिला चटका बसला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतं. मला तिचा हेवा वाटतो. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

खिमला मी आखाड्यात घातली नाही. ती स्वतः गेली. बारा वर्षांची असताना भिंतीवरचा माझा फोटो बघून गेली, त्या फोटोत मी हसतोय म्हणून. मी नको म्हणालो, वन्ना नको म्हणाली, ख्रू थवींनी मात्र तिला एकदा आरशासमोर बसवलं आणि मला निरोप धाडला : तुझ्यापेक्षा हिचं तोंड चांगलं आहे.

आज गुरुवार. वर्षातून एकदा येणारा ख्रूंच्या पूजेचा गुरुवार. उड्डाणपुलाच्या खाली आमचा आखाडा, वरून गाड्यांचा घरघराट अखंड चालू. रिंगणाच्या एका अंगाला पाट मांडला होता, त्यावर उकडलेलं डुकराचं मुंडकं, केळ्यांचे फणे, शहाळी, उदबत्त्या, गेलेल्या गुरूंचे फोटो. दोन गोरे पाहुणे शिष्यही होते, महिनाभर शिकायला आलेले. त्यांतला एक कोपऱ्यात पिशवीवर लाथा मारत होता आणि प्रत्येक लाथेला नडगी धरून मोठ्यानं विव्हळत होता. ख्रू त्याच्या पाठीवर थोपटत होते, छान, छान म्हणत होते. त्याचं विव्हळणं चालतं. तो विकत घेऊन विव्हळतो. आमच्या पोरांना तेवढी चैन नाही.

बायकांनी रिंगणात शिरायचं ते सगळ्यांत खालच्या दोराखालून. पुरुष वरून उडी टाकतात. हा रिवाज आहे, आणि मी आजवर कधी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आज दिलं. खिम नेहमी पोटावर सरपटत झुपकन आत जाते. आज ती उजव्या कुशीवर लवंडली, डावा हात छातीशी दुमडून धरला आणि इंचाइंचानं आत सरकली. आत जाऊन उठली तेव्हा हसत होती. मग तिघं तिघं करून सगळे ख्रूंसमोर गुडघ्यांवर बसले आणि कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार करू लागले. तीन नमस्कार. ती दर वेळी खाली वाकली की जमिनीकडे बघून हसायची. जमीन तिची काय थट्टा करत होती? मी ख्रूंकडे पाहिलं. तेही तिच्याकडेच बघत होते. डोळे बारीक करून, मान जरा कलती करून. त्यांना कळलं होतं. ज्या माणसानं हे हसणं कित्येक पोरांच्या तोंडावर बसवलं त्याला कळणार नाही?

पूजा आटोपल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. हात जोडले.

"ख्रू, शनिवारी खिमला उतरवू नका. तिची बरगडी मोडली आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. तुम्हालाही दिसतंय."

"मला एक हसरी पोर दिसते आहे." त्यांनी पंख्यानं वारा घेतला. ऐंशीला टेकलेला माणूस, पण पाठ अजून ताठ. "खिम! इकडे ये गं. तुझा बाप म्हणतो तुला दुखतंय."

खिम आली. माझ्याकडे अशी बघत आली की मी तिचा कोणी लागत नाही. "नाही, ख्रू."

"ऐकलंस, अम्नात?"

"मी तिला दवाखान्यात नेतो, फोटो काढतो, मग बघू."

"हाडाचा फोटो निघेल, मनाचा निघेल का? तू तीन मोडक्या बोटांनी लढलास माझ्याकडून. जिंकलास. तेव्हा कुणी तुझ्या बोटांचा फोटो काढला होता?" पोरं हसली. "तुझं मन तेव्हा हाडापेक्षा मोठं होतं. आता गाड्यांना सलाम करून करून लहान झालंय, त्याला पोर काय करणार?"

मी हसलो. माझं मलाच कळलं मी हसतोय ते, आणि ख्रूंनाही कळलं, आणि ते त्याच जागी पुन्हा मारणार हेही मला ठाऊक होतं. "बघा रे," ते म्हणाले, "अजून तोंड शाबूत आहे. शिट्टी फुंकायला तरी लागतंच."

एवढा राग मला कधी आला नव्हता. त्यांचा पंखा घेऊन त्यांच्या तोंडावर हाणावा आणि बघावं, हलतं का. हलणार नाही हे माहीत होतं. म्हणूनच हाणावासा वाटत होता. पण त्या रागाच्या तळाशी मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. खिम कधीच सांगणार नाही. मी तिला बापाच्या नात्यानं विचारलं, दटावलं, पाया पडलो, तरी ती हसेल. तिनं आयुष्यात लढणाऱ्या माणसाच्या तोंडून दुखण्याची हाक ऐकलेलीच नाही. ओरडतात ते बाकांवरचे लोक, आणि पाहुणे. तिच्या बापानं ओरडावं, इथे, या रिंगणात, उदबत्त्या जळत असताना, आणि आभाळ कोसळत नाही हे तिनं बघावं. मग कदाचित. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"ख्रू," मी म्हणालो, "मी तिच्यासाठी लाथा झेलायचे पॅड धरतो. माझ्या बरगडीवर मारू दे तिला, पोटाची गादी न बांधता. मग मी ऐकेन."

ख्रूंना ते आवडलं. त्यांना वाटलं मला खोड मोडून हवी आहे. "जा रे खिम, बापाला दाखव."

मी वरच्या दोरावरून आत गेलो, गुडघा कुरकुरला. ती खालून आली. जवळ आल्यावर दात न उघडता म्हणाली, "माझी लाज काढतोस सगळ्यांसमोर. घरी चल, बघते तुला." मी म्हणालो, "बघ. आधी मार." मी पॅड धरायचं ठरलेलं होतं, पण हातातले पॅड मी खाली टाकले आणि डावा हात उचलून कूस उघडी केली. पोरं दोरांभोवती जमली. पाहुणा नडगी चोळत उभा राहिला. मी मनात हाक तयार करून ठेवली होती. लाथ बसेल, मी तोंड उघडेन, ओय म्हणेन. दोन अक्षरं, लहान लेकरालाही येतात. तान्हेपणी खिमला पहिली तीच आली असतील.

तिनं मारली. उजवी नडगी माझ्या डाव्या बरगड्यांवर फटकन बसली, दोरांभोवतीची पोरं सवयीनं ओरडली, "ओऽय!" आणि माझं तोंड उघडलं. मी हसलो. मान डावीउजवीकडे हलवली. हाक घशात होती, मला ती तिथे चाचपता येत होती, पण तोंडाला तो रस्ता माहीत नव्हता. चौतीस वर्षं मी त्या रस्त्यावर भिंत बांधली, ती आज मागितल्यावर पडणार होती थोडीच? मी हसत राहिलो, आणि ख्रू थवींचा पंखा थांबलेला मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसला. खिमनंही ते हसणं पाहिलं. एक क्षण तिच्या डोळ्यांत मुलगी होती. तिनं ओळखलं होतं, बापाला लागलंय. आणि मग तिनं जे आम्हा सगळ्यांना शिकवलंय तेच केलं, विचाराच्या आधी, पापणी लवायच्या आधी. तिथेच पुन्हा मारली.

आतून काहीतरी सुकी फांदी मोडावी तसं वाजलं आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला. मी ठरवलेला नव्हता तो. ओय नव्हता. लांबलचक, वर चढत गेलेला, खेड्यातल्या बाईचा असतो तसा, माझ्या आईचा होता तसा आवाज. मी गुडघ्यांवर बसलो आणि पुन्हा ओरडलो, कारण एकदा वाट फुटल्यावर थांबवता येईना. उड्डाणपुलावरच्या गाड्या सोडल्या तर सगळा आखाडा गप्प झाला. मग कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. खिम हसली नाही. ती डाव्या हातानं कूस दाबून उभी होती, दुसरी लाथ तिलाही महाग पडली होती, आणि तिचं तोंड काय करावं ते न कळून उघडं राहिलं होतं.

ख्रू थवी उठले, दोरांपाशी आले. "इकडे ये," ते खिमला म्हणाले. ती खालच्या दोराखालून बाहेर गेली. त्यांनी तिच्या दंडावर बांधलेली फीत सोडली, जी वन्नानं आपल्या जुन्या लुंगीची पट्टी फाडून दिली होती आणि त्यांनी मंत्र म्हणून बांधली होती. फीत तिच्या हातात ठेवली. "गुरूंच्या दिवशी, गुरूंच्या फोटोंसमोर हिच्या घरातला माणूस रिंगणात रडला. सगळ्यांनी ऐकलं. शनिवारी दुसरी जाईल. बापाला घेऊन जा." त्यांचा आवाज शांत होता. तोंडावर काहीही नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, एखादी रेघ हलते का म्हणून. त्यांच्याइतकं मी जन्मात दुसऱ्या कुणाला हेरलं नसेल. तेव्हा ते हसले. अगदी थोडे, आणि मान किंचित हलवली. मग पाठ फिरवून पाटाशी जाऊन त्यांनी विझलेली उदबत्ती पुन्हा पेटवली. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

गाडी खिमला चालवायला दिली असती, पण तिची अवस्था माझ्याहून बरी नव्हती. मी पुढे, ती मागे. ती रडत होती की नाही मला दिसत नव्हतं, तिलाही माझं तोंड दिसत नव्हतं. "मी तुझ्याशी कधी बोलणार नाही," तिनं हेल्मेटमधून सांगितलं. "आयुष्यात नाही. पाच वर्षं मी घासलीयत. तुझ्या एका बोंबेनं गेली."

"नको बोलूस."

"आणि दवाखान्यात जातोय ते तुला दाखवायला. मला काही झालेलं नाही."

"बरं."

कालव्यावरचा पूल आला. आमच्याकडचे पूल मध्येच उंटाच्या पाठीसारखे उचललेले असतात, हळू घेतली तरी गाडी आदळतेच. मी दात आवळले, आणि मग आठवलं की आता आवळायचं कारण नाही. माझ्या तोंडून बारीकसं काहीतरी निघालं. पुढे नळाच्या कामाला खणलेला चर होता, नीट बुजवलेला नव्हता. गाडी त्यात उतरली नि चढली, आणि माझ्या कानाशी, हेल्मेटच्या आतून, दबलेलं आलं, "ओय." एवढंसंच. मी वेग तेवढाच ठेवला. बोललो असतो तर तिनं तोंड मिटलं असतं.

पुढच्या खड्ड्याला ते मोठं आलं. त्याच्या पुढच्या खड्ड्याला आणखी मोठं, आणि त्याला शिवी जोडलेली होती, माझ्या नावाची. त्यापुढे तिनं काही राखून ठेवलं नाही. लाल दिव्याला गाडी थांबली तरी ती ओरडली, नुसता श्वास घेतला म्हणून. शेजारच्या टॅक्सीवाल्यानं काच खाली करून विचारलं, "काय झालं हो पोरीला?" खिम त्याच्यावर खेकसली, "दुखतंय! दिसत नाही?" त्यानं घाईनं काच वर घेतली. तिनं कडी सोडून दोन्ही हातांनी माझा शर्ट मागून घट्ट धरला होता, मुठीत माझी कातडीही आली होती, आणि तीही दुखत होती. दवाखान्याच्या फाटकात गतिरोधक होता. आम्ही दोघंही एकदम ओरडलो. फाटकावरचा पहारेकरी शिट्टी तोंडातून काढून आमच्याकडे बघत राहिला.